गर्भाशयमुखाचा कॅन्सर : धोका कशाने वाढतो

गर्भाशयाचं खालचं टोक, जे योनीत उघडतं, ते गर्भाशयमुख. नाशिककडे बोलताना बायका सरळ 'पिशवीचं तोंड' म्हणतात. भारतातल्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या खालोखाल हाच कॅन्सर येतो, २०२२ च्या जागतिक अंदाजाप्रमाणे देशात वर्षाला साधारण १ लाख २७ हजार नवीन पेशंट आणि जवळपास ८० हजार मृत्यू.

जवळजवळ प्रत्येक केसच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा व्हायरस असतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. व्हायरसचे प्रकार पुष्कळ, पण १६ आणि १८ नंबरचे दोनच मिळून जगातल्या सुमारे ७० टक्के केसेसना जबाबदार आहेत. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना हा कधी ना कधी लागतोच आणि वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांच्या अंगातून आपोआप जातोही, म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणं हे चूक तर आहेच शिवाय क्रूर आहे, कारण आयुष्यभर एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईलाही तो नवऱ्याकडून येऊ शकतो. खरा धोका व्हायरस लागण्यात नाही, तो वर्षानुवर्षं टिकून राहण्यात आहे. टिकला तर कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात.

मग तो कोणाच्या अंगात टिकतो? प्रतिकारशक्ती कमी असेल तर, उदाहरणार्थ एचआयव्ही असलेल्या बाईला हा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांच्या सहापट. लग्न लवकर झालेलं असेल तर, कारण कोवळ्या वयात पिशवीच्या तोंडावरच्या पेशी अजून बदलत असतात आणि व्हायरस तिथे सहज शिरतो, त्यात विसाच्या आत पहिलं बाळंतपण आणि पुढे तीन-चार मुलं झाली की धोका अजून वाढतो. पेठ, सुरगाण्याकडे अठराच्या आत लग्न लावणं अजून पूर्ण थांबलेलं नाही, आणि त्याकडे बघताना हा मुद्दा कोणाच्याच डोक्यात नसतो. गर्भनिरोधक गोळ्या ५ वर्षांपेक्षा जास्त घेतल्या तर धोका थोडा वाढतो, पण बंद केल्यावर हळूहळू कमी होतो, त्यामुळे घाबरून परस्पर गोळ्या सोडू नयेत, डॉक्टरांना विचारावं. क्लॅमिडियासारखे इतर लैंगिक आजारही भर घालतात.

तंबाखूचं वेगळं सांगायला हवं. सिगरेट ओढणाऱ्या बायकांच्या गर्भाशयमुखाच्या स्रावातसुद्धा तंबाखूची विषारी द्रव्यं सापडलेली आहेत. आपल्याकडे बायका सिगरेट फार ओढत नाहीत, पण सकाळी मशेरी लावल्याशिवाय दिवस सुरू न होणाऱ्या आज्या, मावश्या आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. सिगरेटइतका पक्का पुरावा मशेरीबाबत नाही, तरी शेवटी ती भाजलेली तंबाखूच, आणि तोंडाच्या कॅन्सरचं कारण म्हणून ती आधीच सिद्ध आहे.

माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात मोठं कारण म्हणजे तपासणीच न होणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम २ टक्के भारतीय बायकांनी ही तपासणी कधी करून घेतलेली होती. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत छाटणी किंवा खुडा चालू असताना एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, मग अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय, हे 'उष्णतेचं' म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढलं जातं. आणि खरंतर तपासणी सोपी आहे, पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावतात आणि डाग पांढरा पडतो का ते मिनिटभरात बघतात, भूल नाही, टाके नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हीच तपासणी करवली तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात तर एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, म्हणजे हे आपल्याच राज्यातल्या खेड्यांत जमलेलं आहे.

लस ९ ते १४ वयात, व्हायरसशी गाठ पडायच्या आधी, सगळ्यात जास्त काम करते. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही. आणि संबंधानंतर रक्त दिसलं किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर परत डाग लागला तर तपासणीच्या ठरलेल्या तारखेची वाट बघू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं.