निराधार अनुदान (सोलापूर)

उत्पन्नाचे साधन नसलेल्या आणि सांभाळणारे कोणी नसलेल्या व्यक्तीला महाराष्ट्र शासन दरमहा देते ते रोख साहाय्य. सोलापुरात त्याला सर्रास ‘निराधारचा पगार’ म्हणतात. मूळची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. तिच्या जोडीला ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल, तर केंद्राची इंदिरा गांधी यांच्या नावाची वृद्धापकाळ, विधवा आणि दिव्यांग निवृत्तिवेतनेही आहेत. केंद्राचा वाटा तुटपुंजा असतो. ऐंशीच्या आतील वृद्धाला महिना २०० रुपये, वरची भर राज्याची.

संजय गांधी योजनेसाठी वय १८ ते ६५ (अनाथ मुलांना खालची अट नाही) आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य लागते. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, पस्तिशी उलटलेल्या अविवाहित स्त्रिया, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेले, क्षय, कर्करोग, कुष्ठरोग किंवा एड्स झालेले, देवदासी, तृतीयपंथी, कैद्यांच्या पत्नी, अनाथ मुले असे बरेच गट तिच्यात बसतात. यादी उदार आहे. खरी चाळणी उत्पन्नाची: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत हवे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे.

२१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला अठ्ठावन्नही पुरते नाहीत. अनुदानाची रक्कम ६०० वरून २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाली, दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये २,५००. मर्यादा मात्र हलली नाही. सोलापूरच्या पूर्व भागात याचा अर्थ नीट कळतो. तिथे घरोघरी बायका सुपात पाने-तंबाखू घेऊन विड्या वळतात. विडी कामगार बाईने वर्षाची मजुरी खरी सांगितली, तर ती सहसा या आकड्यात मावत नाही. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला हा मिळकतीचा पुरावा कमी आणि पात्रतेचा परवाना जास्त झाला आहे. २०२४ साली आलेल्या लाडकी बहीण योजनेत तेवढ्याच १,५०० रुपयांसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली गेली. दोन्ही योजनांचे पैसे एकत्र घेता येत नाहीत. एकाच शासनाच्या गरिबीच्या या दोन व्याख्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

अर्ज तहसील कार्यालयात, किंवा सेतू अथवा महा ई-सेवा केंद्रातून करतात. सोबत आधार, शिधापत्रिका, वयाचा, रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, विधवेला पतीचा मृत्यू दाखला, दिव्यांगाला सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी शहरातले लोक ‘सिव्हिल’ची वाट धरतात. तलाठ्याच्या चौकशीनंतर अर्ज तालुका समितीपुढे जातो. समितीचा अध्यक्ष अशासकीय, नेमलेला माणूस असतो आणि तहसीलदार सचिव. बैठक होईपर्यंत अर्ज पडून राहतो. अशा वेळी अर्ज दिल्याची पोच हातात असलेली बरी.

कागद असूनही अर्ज अडकतो तो नावात. हे शहर मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांत बोलते. एकच आजी आधारवर नरसव्वा, शिधापत्रिकेवर नरसाबाई आणि बँकेत नरसम्मा असते. घरच्यांना यात काही वावगे दिसत नाही. खिडकीमागच्या कारकुनाला तीन बायका दिसतात. लग्नात नाव बदलण्याची रीत असल्याने शाळेच्या दाखल्यावर चौथे नाव निघते. मग प्रतिज्ञापत्र, नाहीतर राजपत्रात नाव बदलण्याचा खटाटोप. अर्जाच्या आधी सगळे कागद शेजारी मांडून अक्षर न् अक्षर जुळवून पाहिले, तर निम्म्या फेऱ्या वाचतात.

दुसरी अडचण बोटांची. वर्षानुवर्षे विड्या वळून बोटांच्या रेषा झिजतात आणि अंगठ्याच्या यंत्रावर ठसा उमटत नाही. यंत्राला ती बाई ओळखू येत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून ओळख पटवता येते. मात्र मोबाइल बहुधा लेकाचा असतो आणि लेक पुण्याला.

पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. दोन-तीन खाती असतील तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात ते जातात, अर्जावर लिहिलेल्या खात्यात नव्हे. ‘पगार बंद झाला’ ही तक्रार घेऊन आलेल्या बाईचे पैसे कधीकाळी बचत गटासाठी उघडलेल्या दुसऱ्याच बँकेत साठलेले सापडतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. तो चुकला तर अनुदान थांबते.

लाभार्थी वारल्यावर अनुदान वारसाकडे जात नाही. पतीला मिळत असेल तर तो गेल्यावर पत्नीने विधवा म्हणून नवा अर्ज करायचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस वारला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार रुपये मिळतात. हा अर्जही तहसील कार्यालयातच द्यायचा असतो, पण मासिक अनुदानाच्या अर्जाबरोबर तो आपोआप होत नाही, वेगळा मागून घ्यावा लागतो.