सेन्सर बदलण्याआधी वायर तपासू या

गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली, चेक लाइट लागला आणि स्कॅनरवर एखाद्या सेन्सरचं नाव आलं, की तो सेन्सर गेला असंच बहुतेकांना वाटतं. पण स्कॅनरचा कोड असतो त्या सेन्सरच्या सर्किटचा. त्यात वायर, कपलर (वायर सेन्सरला जोडणारं सॉकेट) आणि अर्थिंगही आलं. जुन्या गाडीत आधी खराब होतात ते हेच.

कूलंट टेम्परेचर सेन्सरचंच बघा. त्यात हलणारा एकही भाग नाही. तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, एवढंच. नेहमीच्या प्रकारात २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ८० अंशांना ३००च्या आसपास. आता कपलरच्या पिनेवर हिरवट गंज चढला आणि त्याने ५०० ओहमची भर घातली, तर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, ८०० दिसतात. इंजिन पुरतं तापलेलं असूनही त्याच्या हिशोबाने ते ५० अंशांवरच! मग पेट्रोल जास्त सुटतं, प्लग काळे पडतात, अ‍ॅव्हरेज घसरतं. शिवाय ५० अंश हे रीडिंग अशक्य नाही, त्यामुळे चेक लाइटही बहुधा लागत नाही. अशा वेळी नवा सेन्सर घालून काहीच साधत नाही. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत हा प्रकार फार. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी वेगळ्याच.

म्हणून आम्ही आधी कपलर उघडून पिना बघतो, वायर हलवून रीडिंग उडतं का ते पाहतो, इंजिन चालू ठेवून अर्थिंग मोजतो. या तपासणीची मजुरी आम्ही घेतो, पण नको असलेला पार्ट तुमच्या माथी मारत नाही.

काही सेन्सर मात्र खरोखरच थकतात. गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि निवली की मुकाट्याने चालू होते, तेव्हा आमचा पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरवर. थंड असताना तो मीटरवर ठीकच दिसतो, म्हणून अशी गाडी सकाळीच आणून दिवसभर ठेवा. सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन टिपणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखं वरखाली व्हायला हवं. काजळी धरली की तो सुस्तावतो. डुप्लिकेट क्रँक सेन्सर आम्ही बसवत नाही. ऐन घाटात गाडी बंद पडायला नको.

सर्व्हिसिंगला इंजिनवर प्रेशरने पाणी मारू देऊ नका. बॉडीचं वेल्डिंग असेल तर आधी बॅटरीची वायर काढायला लावा. बिघाड कधी होतो, पहाटे, पावसात की चढावर, ते आल्याबरोबर सांगा. काढलेला जुना सेन्सर आम्ही बिलासोबत परत देतो, मीटरवर आलेलं त्याचं रीडिंग लिहून.