साय आली की रस फुटला?

सोलकढीचं पातेलं तासभर तसंच राहिलं की वर पांढरा जाड थर येतो आणि खाली गुलाबी पाणी. लगेच कुणीतरी म्हणतं, "रस फुटला!" फुटलेला नसतो. पळीने ढवळा, कढी पुन्हा एकजीव. नारळाचा रस घातलेल्या माशाच्या कालवणाला खदखदून उकळी आली आणि वर तेलाचे डोळे तरंगू लागले, तर मात्र कितीही ढवळा, ते तेल रसात परत जात नाही.

फरक थेंबाच्या अंगावर आहे. नारळाचा रस म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे थेंब, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. प्रत्येकावर खोबऱ्यातल्याच प्रथिनांचं पातळ आवरण असतं. प्रथिनाचा काही भाग तेलाकडे ओढला जातो, काही पाण्याकडे, म्हणून ते सीमेवरच ठाण मांडतं. भांड्याच्या साबणातले सरफॅक्टंट नावाचे रेणू हेच करतात, पण ते लहान नि चपळ. आवरण कुठे विरळ झालं की शेजारचे रेणू सरकून भोक बुजवतात. प्रथिनं अवजड. ती थेंबावर उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि जाळं विणतात. जाळं भक्कम, पण फाटलं की पटकन सांधत नाही.

साय येते तेव्हा हे जाळं शाबूत असतं. तेल हलकं म्हणून थेंब वर चढतात, इतकंच. व्यास दुप्पट झाला तर वेग चौपट. सोलकढीत हे लवकर होतं ते आगळामुळे, म्हणजे कोकमाच्या आंबट अर्कामुळे. पीएच (आंबटपणाचं माप) ४ च्या आसपास आला की या प्रथिनांवरचा विद्युतभार जवळजवळ संपतो, थेंब एकमेकांना दूर ढकलत नाहीत, घोळके करतात आणि घोळका एकट्या थेंबापेक्षा भरभर चढतो.

फुटतं तेव्हा जाळंच जातं. साधारण ८० अंशांच्या पुढे प्रथिनं आकार सोडून गोळा होऊ लागतात, त्यात उकळीने थेंब एकमेकांवर आपटतात आणि तेल तेलाला मिळतं. म्हणून दाट रस शेवटी आणि मंद आचेवर. गणपतीत मी उरलेला रस फ्रीजरमध्ये टाकला होता, तोही वितळल्यावर फुटलाच: खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं आणि त्याचे स्फटिक आवरणाला टोचतात.

आमची आजी मात्र रस मुद्दाम फोडायची. चुलीवर तासन् तास आटवत बसायची, चोथा तांबूस झाला की वरचं तेल निथळून घ्यायची.