हार्डकोर पंक की हेवी मेटल? ओळख पटवणारे ध्वनिशास्त्र

हार्डकोर पंक आणि हेवी मेटल हे दोन्ही संगीतप्रकार प्रथमच ऐकणाऱ्याला एकसारखे वाटतात, आणि त्यात त्याच्या कानाचा दोष नसतो. 'वेगवान असेल ते पंक आणि जड असेल ते मेटल' हा नेहमी सांगितला जाणारा नियम तर फार लवकर तोकडा पडतो. स्लेअर या मेटल बँडचा १९८६ सालचा 'रेन इन ब्लड' हा अल्बम १० गाणी अर्ध्या तासाच्या आत संपवतो, तर कॅलिफोर्नियातील ब्लॅक फ्लॅग या हार्डकोर बँडच्या १९८४ सालच्या 'माय वॉर'ची दुसरी बाजू तीन संथ, लांब गाण्यांनी व्यापलेली आहे. माझ्या मते या दोहोंतला खरा भेद आवाजाच्या पोतात थोडा आणि काळाच्या वापरात पुष्कळ आहे. सूर किती वेळ टिकू दिला, तो केव्हा तोडला आणि ड्रमशी कसा बांधला, हे ऐकू लागल्यावर दोन्ही प्रकार वेगळे होऊ लागतात.

पोत सारखा वाटण्याचे कारण डिस्टॉर्शनमध्ये आहे. ॲम्प्लिफायरला पेलवेल त्याहून मोठा विद्युतसंकेत दिला की तरंगाची टोके छाटली जातात, गोलसर तरंग चौकोनी होऊ लागतो आणि मूळ वारंवारतेच्या अनेक पटींतले स्वर नव्याने निर्माण होतात. दोन स्वर एकत्र छेडले असतील, तर त्यांच्या वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्यांतूनही नवे स्वर उमटतात. म्हणूनच दोन्ही प्रकारांतले वादक भरगच्च कॉर्ड टाळून पॉवर कॉर्ड वाजवतात, म्हणजे आपल्या परिभाषेत फक्त षड्ज आणि पंचम. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला बोलते आणि तिचा पंचम सुमारे १२३ हर्ट्झला असतो. या दोहोंतला फरक ४१ हर्ट्झ, म्हणजे कोणीही न छेडलेला खालच्या सप्तकातला षड्ज. त्यात गांधार मिसळला, तर गिटारच्या पडद्यांवरचा गांधार नैसर्गिक प्रमाणापेक्षा चढा असल्याने नवे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत आणि आवाज गढूळ होतो.

या छाटणीचा आणखी एक परिणाम होतो. तारेचे कंपन मंदावत गेले तरी ॲम्प्लिफायरमधून येणारा आवाज बराच काळ तेवढाच मोठा राहतो, त्यामुळे सूर आपणहून लवकर विरत नाही. या न विरणाऱ्या सुराचे काय करायचे, या प्रश्नाला दोन्ही परंपरांनी वेगवेगळी उत्तरे दिली.

मेटलने तो सूर तोडायला शिकवले. छेडणाऱ्या हाताच्या तळव्याची कड ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे, तारांवर अलगद टेकवली की वरचे स्वर झटकन मरतात, खालचा खर्ज तेवढा उरतो आणि प्रत्येक आघात आखूड, ठोस होतो. या तंत्राला पाम म्यूटिंग म्हणतात. अशा दाबलेल्या आघातांच्या मध्ये क्षणभराची शांतता असते, आणि त्या शांततेमुळेच ताल कोरल्यासारखा स्पष्ट ऐकू येतो. त्याच आघातांवर ड्रमवादक दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवतो, तेव्हा गिटार आणि ड्रम मिळून एकच वाद्य झाल्याचा भास होतो. स्लेअरचा डेव्ह लोम्बार्डो याबाबतीत विशेष ऐकण्यासारखा आहे. खर्जाची ही ओढ बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथपासूनची आहे. त्यांचा डावखुरा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके वयाच्या १७व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली. त्याने बोटांना टोपणे बसवली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे त्या तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. त्यामुळे सर्वांत जाड तार सुमारे ६९ हर्ट्झवर आली, ताण घटल्याने बोटांना आराम मिळाला आणि मेटलला त्याचा काळोखा रंग लाभला. १९७० सालच्या त्यांच्या पहिल्याच अल्बमच्या आरंभी षड्जाविरुद्ध तीव्र मध्यम उभा राहतो, आणि तो विसंवाद मेटलने पुढे कधी सोडला नाही.

हार्डकोरने तो सूर वाहू दिला. १९८०च्या आसपास वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिस परिसरात घडलेल्या या संगीतात उजवा हात तारांवरून खाली-वर अखंड फिरतो, कॉर्ड मोकळे सोडले जातात आणि गिटारची सलग भिंत उभी राहते. तालाची जबाबदारी ड्रमवर येते: बेस ड्रम आणि खणखणीत आवाजाचा स्नेअर ड्रम आळीपाळीने, अतिशय भरभर. हा कौशल्याचा अभाव होता असे समजणे अन्यायाचे ठरेल. वॉशिंग्टनचा बॅड ब्रेन्स हा बँड आधी जॅझ-फ्यूजन हे गुंतागुंतीचे संगीत वाजवत होता. त्यांनी साधेपणा जाणीवपूर्वक निवडला.

गाण्याच्या बांधणीतही हेच दिसते. मायनर थ्रेट या हार्डकोर बँडच्या १९८१ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवरची ८ गाणी १० मिनिटांच्या आत संपतात, आणि त्यांत सोलोला, म्हणजे एकट्या गिटारच्या वादनाला, जागाच नाही. मेटॅलिका या मेटल बँडचे 'मास्टर ऑफ पपेट्स' हे एकटे गाणे ८ मिनिटांहून मोठे आहे, त्यात मध्येच डिस्टॉर्शन काढून घेतलेला शांत भाग आहे आणि एकाहून अधिक सोलो आहेत. 'रेन इन ब्लड' आखूड असूनही मेटल का, हेही येथे कळते: त्यातल्या सोलोंची आणि गिटार-ड्रमच्या एकत्र आघातांची घडण मेटलची आहे, जरी स्लेअरचा गिटारवादक जेफ हॅनेमनला हार्डकोर मनापासून आवडत असे. उलट 'माय वॉर'च्या संथ बाजूत ब्लॅक सॅबथची छाया स्पष्ट आहे. तिथे हार्डकोर उरतो तो मुख्यतः गायनात. मेटलचा गायक उंच सूर लांबवतो किंवा स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांना कंपित करून गुरगुरतो, तर हार्डकोरचा गायक बोलण्याच्याच पट्टीत ओरडतो.

संगणकालाही हा भेद सोपा जात नाही. संगीतप्रकार ओळखण्याच्या संशोधनात फार वापरला गेलेला २००२ सालचा जीटीझॅन हा संच १० प्रकारांतल्या, प्रत्येकी ३० सेकंदांच्या १००० तुकड्यांचा आहे. त्यात मेटल आहे, पंक नाही. शिवाय जुन्या पद्धती ध्वनीच्या वर्णपटाची बऱ्याच काळावरची सरासरी घेत, आणि सरासरीत दाबलेल्या व मोकळ्या आघातांचा क्रमच हरवतो.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सीमा मुळातच सरकल्या. न्यूयॉर्कच्या ॲग्नॉस्टिक फ्रंट या हार्डकोर बँडने मेटलचा दाबलेला आघात उचलला, ह्यूस्टनच्या डी.आर.आय. या हार्डकोर बँडने १९८७ साली अल्बमचे नावच 'क्रॉसओव्हर', म्हणजे सीमा ओलांडणे, असे ठेवले, आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथ या बँडने 'स्कम' हा अल्बम प्रसिद्ध केला. 'स्कम'च्या दोन बाजू वेगवेगळ्या वादकसंचांनी ध्वनिमुद्रित केल्या आहेत आणि दोन्हींत सामाईक आहे तो फक्त ड्रमवादक मिक हॅरिस. गिटारचा खर्ज आणि गुरगुरणारा गळा मेटलचा, गाण्यांची लांबी हार्डकोरची. त्यातले 'यू सफर' तर १.३१६ सेकंदांत संपते. अशा अल्बमवर एकच शिक्का मारण्यापेक्षा गाण्याचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे ऐकून हात दाबलेला आहे की मोकळा, एवढे पाहणे मला अधिक प्रामाणिक वाटते.