चार किलोच्या जिवाला किती खायला घालायचं?

म्हशीच्या दुधाच्या एका वाटीत, म्हणजे साधारण 150 मिलिलिटर दुधात, दीडशेच्या वर किलोकॅलरी ऊर्जा असते. आपल्या दिवसभराच्या जेवणात ती वाटी कुठच्या कुठे जाते. पण नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या चार किलोच्या मांजराची पूर्ण दिवसाची गरजच 200 ते 240 किलोकॅलरी असते. त्या दुधात अर्धी पोळी कुस्करली की दिवसाचा कोटा जवळजवळ संपला. मग दुपारी बांगड्याचं डोकं, संध्याकाळी वाडगाभर कॅट फूड आणि रात्री ताटाजवळ येऊन बसली म्हणून चिकनचे तुकडे. घरात प्रत्येकाने थोडंथोडंच दिलेलं असतं, आणि मांजराच्या पोटात मात्र दोन दिवसांचं अन्न गेलेलं असतं.

म्हणून मांजराला किती वाट्या घालाव्या, हा प्रश्न मुळात मला अपुरा वाटतो. वाटीत काय आहे त्यावर सगळं अवलंबून. आधी कॅलरी ठरवायच्या, मग त्यांचे ग्रॅम करायचे.

कॅलरी ठरवण्याची पद्धत फार सोपी आहे. मॅक्स क्लायबर या मूळच्या स्विस शास्त्रज्ञाने 1932 मध्ये वेगवेगळ्या प्राण्यांची आकडेवारी मांडून दाखवलं, की शरीर विश्रांतीत जी ऊर्जा खर्च करतं ती वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही, वजनाच्या पाऊण घाताने वाढते. दुप्पट वजनाच्या प्राण्याला दुप्पट अन्न लागत नाही, थोडं कमीच पुरतं. पशुवैद्य आजही याच नियमावर हिशेब करतात. साध्या कॅल्क्युलेटरवर तो असा जमतो: वजनाला वजनाने दोनदा गुणा, वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, आलेल्या आकड्याला 70 ने गुणा. चार किलोसाठी 4 × 4 × 4 म्हणजे 64, त्याचं वर्गमूळ 8, त्याचं पुन्हा वर्गमूळ 2.83, गुणिले 70 म्हणजे 198. एवढी ऊर्जा नुसतं पडून राहायला लागते. नसबंदी झालेल्या प्रौढ मांजरासाठी याच्या 1.2 पट धरतात, झाली नसेल तर 1.4 पट, आणि दिवसभर सोफ्यावर झोपून काढणाऱ्या, अंगाने सुटण्याकडे कल असलेल्या मांजराला मूळ 198 सुद्धा पुरतात. मात्र वजन धरायचं ते असायला हवं ते. साडेचार किलोचं मांजर सहा किलोचं झालं असेल तर हिशेब साडेचार किलोचाच करायचा.

नसबंदीचा इथे फार मोठा वाटा आहे आणि ते आधी कुणी नीट सांगत नाही. शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकं बदलतात, ऊर्जेची गरज साधारण 20 ते 30 टक्क्यांनी घटते, आणि नेमकी त्याच वेळी भूक वाढते. नसबंदी करायलाच हवी, त्यात दुमत नको. पण टाके काढायला जाल तेव्हाच नवीन माप ठरवून घ्यावं. चार महिन्यांनी पोट लोंबायला लागल्यावर नव्हे.

आता ग्रॅम. कोरड्या खाद्याच्या पाकिटावर कॅलरी छापलेल्या असतील तर उत्तमच. नसतील तरी प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर आणि बहुतेकदा अ‍ॅश (म्हणजे खाद्य जाळल्यावर उरणारी खनिजं) यांचे टक्के असतात. समजा ते अनुक्रमे 30, 10, 4, 10 आणि 8 आहेत. बेरीज 62, उरलेले 38 टक्के म्हणजे पिष्टमय भाग. प्रोटीन आणि पिष्ट यांना 3.5 ने आणि फॅटला 8.5 ने गुणायचं: 105 अधिक 133 अधिक 85, म्हणजे 100 ग्रॅमला 323 किलोकॅलरी. (अ‍ॅशचा आकडा नसेल तर कोरड्या खाद्यात 7-8 टक्के धरून चालतं.) या खाद्यातून 240 किलोकॅलरी द्यायच्या तर दिवसाला 74 ग्रॅम पुरे. दुसऱ्या एखाद्या खाद्यात 100 ग्रॅमला 400 किलोकॅलरी असतील, तर 60 ग्रॅमच. ब्रँड बदलला आणि वाटी तीच ठेवली, तर मांजर जवळजवळ पाव भाग जास्त खातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. याच कारणासाठी दुकानातलं पिशवीत बांधून दिलेलं सुटं खाद्य मला पटत नाही. त्यावर आकडेच नसतात, आणि पावसाळ्यात ते दमट होऊन बुरसायची भीती वेगळीच.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. रोज 10 ग्रॅम चुकून जास्त पडले तर साधारण 35 किलोकॅलरी वाढतात, म्हणजे गरजेचा सातवा हिस्सा. माणसाच्या हिशेबात ते रोज अडीच-तीन पोळ्या जास्त खाण्यासारखं आहे. ओल्या खाद्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, त्यामुळे 85 ग्रॅमच्या पाऊचमधून बहुधा 60 ते 85 किलोकॅलरीच मिळतात. नुसत्या पाऊचवर ठेवायचं तर दिवसाला तीन ते चार लागतील. खर्च जास्त, पण मांजराला त्यातलं पाणी हवंच असतं. आपल्या मांजरांचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर, शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर भागवणारे, त्यामुळे भांड्यातलं पाणी आपणहून भरपूर पिण्याची सवय या जातीला नाही. दिवसातला एक वेळ तरी ओलं द्यावं, असं माझं मत.

कॅलरी जुळल्या तरी काम संपत नाही, कारण मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. रानोमाळ हिंडणारी मांजरं काय खातात याचा हिशेब 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या ऊर्जेपैकी साधारण 52 टक्के प्रथिनांतून, 46 टक्के चरबीतून आणि जेमतेम 2 टक्के पिष्टातून येत होती. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात पाळीव मांजरांना निवड करू दिली, तेव्हा त्यांनीही प्रथिनांचा वाटा 52 टक्क्यांच्या आसपासच ठेवला. गोड चव तर त्यांना कळतही नाही. ती ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरकुळात निकामी झालेलं आहे, हे 2005 मध्ये कळलं. टॉरीन नावाचं अमिनो आम्ल त्यांच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच यावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा झिजतो, हे 1975 मध्ये सिद्ध झालं. 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शहरातल्या संशोधकांनी दाखवलं की हृदयही कमकुवत होऊन फुगतं. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यात टॉरीन वाढवलं आणि मांजरांमधला हा हृदयविकार खूपच कमी झाला.

या माहितीवर दूध-पोळी तपासून बघा. ऊर्जा भरपूर, टॉरीन नगण्य, आणि मोठ्या मांजराला दुधातली साखर पचवणारं विकर पुरेसं नसल्याने अनेकदा जुलाब. पिढ्यान्‌पिढ्या मांजरं दूध-पोळीवर जगली असं आपण म्हणतो, पण ती मांजरं दिवसभर उंदीर, पाली, चिमण्या मारत होती. पोषण त्यातून होत होतं. तिसऱ्या मजल्यावर जाळी लावलेल्या घरातल्या मांजराला तो आधार नाही. नुसतं उकडलेलं चिकनही पुरत नाही, त्यात कॅल्शियम फार कमी, आणि वाढत्या पिल्लांची हाडं त्यामुळे ठिसूळ होतात. चिकन, मासे जरूर द्या, पण दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शात, आणि तेवढं मुख्य खाद्य कमी करून. कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र थेंबभरही नको. त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

सूत्राने आलेला आकडा ही फक्त सुरुवात. एकाच वजनाच्या, एकाच घरातल्या दोन मांजरांची गरज बरीच वेगळी निघू शकते, तेव्हा खरा निवाडा बरगड्या करतात. छातीच्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने बोटं फिरवा. स्वतःच्या तळहाताची मागची बाजू चाचपली की हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या तर वजन ठीक. दाबून शोधाव्या लागल्या तर जास्त, मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कमी. वरून पाहिल्यावर बरगड्यांमागे कंबर दिसायला हवी. दर दोन आठवड्यांनी वजन घ्या, आपण मांजराला घेऊन काट्यावर उभं राहून आपलं वजन वजा करण्यापेक्षा बाळांचा वजनकाटा बरा, आणि पाच-दहा टक्क्यांनी माप कमीजास्त करत राहा.

मांजर मागतंय म्हणजे उपाशी आहे, असं मात्र धरू नका. एका उंदरातून साधारण 30 किलोकॅलरी मिळतात. म्हणजे निसर्गात दिवसाला सात-आठ शिकारी, सात-आठ छोटी जेवणं. दर दोन-तीन तासांनी भांड्याशी जाणं ही त्यांची जन्मजात सवय आहे. तेव्हा ठरलेलं खाद्य सकाळीच मोजून डब्यात काढा आणि त्यातूनच चार-पाच वेळा द्या. घरात कुणीही दिलं तरी त्याच डब्यातून. दोन मांजरं असतील तर भांडी वेगळी, जमल्यास खोल्याही. पिल्लांना हा काटेकोरपणा लावू नका. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला वजनाच्या मानाने मोठ्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. ते आठवड्याला साधारण 100 ग्रॅम वाढत असेल तर पोटभर खाऊ द्या.

लठ्ठ मांजराला मात्र कधीही एकदम उपाशी ठेवू नये, आणि इथे मी अगदी कळकळीने सांगते. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही, तर अंगातली चरबी भराभर यकृतात येऊन साचते, यकृत काम करेनासं होतं, कावीळ होते, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मांजर जातं. वजन उतरवायचं ते आठवड्याला अर्धा ते एक टक्का. सहा किलोच्या मांजरासाठी 30 ते 60 ग्रॅम. दीड किलो उतरायला सहा महिने ते वर्ष लागेल, आणि तेवढं लागू द्यावं. माप पशुवैद्याकडून ठरवून घ्यावं. आणि कारण काहीही असो, नवीन खाद्य आवडलं नाही म्हणूनही, मोठ्या मांजराने पूर्ण दिवस तोंडात काही घेतलं नाही तर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा.

म्हाताऱ्या मांजराचं गणित उलटं फिरतं. दहा-बारा वर्षांनंतर पचन मंदावतं, स्नायू झिजतात, आणि पूर्वीचंच माप अपुरं पडायला लागतं. भरपूर खाऊनही वाळत चाललं असेल तर थायरॉइड किंवा मधुमेह, खाणं कमी आणि पाणी पिणं जास्त असेल तर मूत्रपिंड, हे आधी रक्त तपासून बघावं लागतं. वाडग्यात आणखी मूठभर घालून ते वजन परत येत नाही.