कोकोलिथ म्हणजे चुना, डायटम म्हणजे काच

"काय ओ सर, दोन्ही शेवाळाचीच पावडर की!" मोहोळकडच्या एका काकांनी टेबलावर दोन पुड्या ठेवल्या. एक डाळिंबाला कॅल्शियम म्हणून घेतलेली, दुसरी मालदांडी ज्वारीच्या पोत्यांत किडीसाठी मिसळायला. दोन्ही पांढऱ्या, पिठासारख्या. कुठली कशासाठी, ते विसरले होते. "एकच असंल तर अर्धी अर्धी वापरतो," म्हणाले.

हे "एकच असंल" मी माती तपासायला लागल्यापासून ऐकतोय. व्हॉट्सॲपवर तर दोघांनाही सरसकट 'समुद्री सूक्ष्म शिंपले' म्हणतात. शिंपल्याचा इथे काहीएक संबंध नाही.

डायटम बहुतेकांना माहीत असतो. एकपेशीय शेवाळ, भोवती डबी-झाकणासारखं दोन तुकड्यांचं कवच. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या दगडावरचा तपकिरी बुळबुळीत थर खरवडला तरी सापडेल. कोकोलिथोफोर हेही एकपेशीय शेवाळच, पण जवळजवळ सगळे समुद्रातले. ते पेशीच्या आत चकत्या घडवतात आणि बाहेर ढकलून अंगावर चढवतात. त्या एकेका चकतीचं नाव कोकोलिथ. चकतीला जीव म्हणू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

घोळ होतो तो कवच कशाचं आहे यावर. डायटमचं सिलिकाचं, म्हणजे काचेच्या जातीचं. कोकोलिथ कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे चुनखडीच्या जातीचं. रंग, आकार, पाण्यातली जागा, सगळं यापुढे दुय्यम. निकाल आम्ल देतं. मी दोन्ही पुड्यांतली चिमूट चिमूट काचेवर घेतली आणि विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला. पहिली फसफसून उसळली, दुसरी नुसती भिजून बसली. घरी लिंबू पिळलंत तरी फरक कळतो, फक्त फेस हळू येतो.

पण इथेच लोक दुसऱ्या खड्ड्यात पडतात. फेस आला म्हणजे कार्बोनेट आहे, एवढंच सिद्ध होतं. ते कोकोलिथचं की संगमरवराच्या भुकटीचं, हे आम्ल सांगत नाही. फेस नाही आला म्हणून डायटमही ठरत नाही. शाळेतले बरेचसे खडू जिप्समचे असतात, तेही गप्प बसतात. म्हणून पुढे सूक्ष्मदर्शक. डायटमची जाळीदार नक्षी कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही ओळखू येते. कोकोलिथ मात्र बहुधा २ ते ५ मायक्रॉनचे, साध्या भिंगाखाली नुसते ठिपके. दोन ध्रुवक (प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत गाळणाऱ्या काचा) आडवे-उभे लावून पाहिलं की मजा येते: गोल कोकोलिथ काळी फुली घेऊन चमकतात आणि डायटम अंधारात गडप होतात, कारण त्यांच्या सिलिकाला स्फटिकरचनाच नसते. दुसऱ्या पुडीत अशी जाळीदार नळकांडी भरपूर दिसली. पहिलीत कोकोलिथचा मागमूस नव्हता, नुसते दगडाचे ओबडधोबड कण.

ओळखताना चुकलेल्यांत मोठी नावं आहेत. १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळच्या गाळात हे कण पाहून इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्स्लीने कोकोलिथ हे नाव दिलं, पण ते निर्जीव समजून. पुढे सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या जातीला त्याचंच नाव मिळालं, हक्स्लेयी.

कार्बनबद्दलची एक थाप तर डोक्यात जाते: 'चुना बनवताना हे शेवाळ कार्बन शोषतं.' चुना घडताना पाण्यात विरघळलेल्या दोन बायकार्बोनेटपैकी एकच चकतीत जातं, दुसऱ्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. शोषण होतं ते प्रकाशसंश्लेषणात, त्याचा हिशेब वेगळा. आणि सोलापूरच्या रानात चुनखडी निघते म्हणून इथे समुद्र होता, हेही सोडून द्या. आपल्या काळ्या मातीतले चुनखडे बेसाल्ट (आपला काळा दगड) झिजून सुटलेल्या कॅल्शियमचे, मातीतच तयार झालेले. कोकोलिथचे डोंगर बघायचे तर इंग्लंडचे डोव्हरचे पांढरे कडे बघा.

काकांचा हिशेब मात्र सोपा होता. डायटमची पावडर किड्याच्या अंगावरचं मेण शोषते, तो वाळून मरतो. पूर्वी ज्वारीत राख घालायचे त्यातलाच प्रकार. धान्य कोरडं हवं आणि मिसळताना नाकाला फडकं बांधा, फुफ्फुसाला ही धूळ वाईट. ती दुसरी पुडी पोत्यांना. पहिली डाळिंबाला अजिबात नको. त्यांच्या मातीत मुक्त चुना आधीच इतका, की पानं लोहाअभावी पिवळी पडलेली. त्यात आणखी चुना म्हणजे आगीत तेल.

"मग ह्या पुडीचं काय करू ओ?"

आठवड्याने मातीचा रिपोर्ट न्यायला आले तेव्हा सांगितलं, बायकोने तिची रांगोळी काढली.