पानातलं अंगी लागेपर्यंत

मराठी घरात पालेभाजी कच्ची खायची रीत फारशी नाही. खान्देश-विदर्भातला मेथीचा घोळाणा, भाकरीबरोबरची कांद्याची पात, वरून भुरभुरलेली कोथिंबीर हे सोडलं तर पाला शिजवूनच ताटात येतो. कधी परतून, कधी डाळ घालून, कधी पीठ पेरून, कधी ताकात घोटून. त्यामुळे पालेभाजीत काय असतं, या प्रश्नाचं आपल्यापुरतं खरं रूप असं आहे: शिजल्यावर काय उरतं आणि उरलेल्यातलं किती अंगी लागतं?

जुन्या वैद्यांनी हा प्रश्न याच रूपात पाहिला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या २७व्या अध्यायात शाकवर्ग आहे. पालेभाज्या पचायला जड आणि रूक्ष असतात असं सांगून तिथे कृतीही दिली आहे: भाजी उकडावी, पिळून पाणी काढावं आणि भरपूर स्नेह, म्हणजे तेल-तूप, घालून खावी. मराठवाडा-विदर्भातली अंबाडीची भाजी आजही जवळपास अशीच होते. उकडायची, आंबट पाणी पिळून टाकायचं, कण्या किंवा तुरीच्या डाळीबरोबर घोटायची आणि वरून लसणाची तेलफोडणी ओतायची.

आधुनिक पोषणशास्त्राने सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये बेरीबेरी या ब१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या रोगाच्या अभ्यासासाठी एक छोटी प्रयोगशाळा थाटली. पुढे तिचे संचालक झालेल्या वॉलेस आयक्रॉइड यांच्या काळात, १९३७ साली, भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टकं पुस्तिकेच्या रूपाने आली. हीच संस्था १९५८ मध्ये व्ही. एन. पटवर्धन संचालक असताना हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. आपल्या शाळेच्या पुस्तकांतले पालेभाज्यांचे आकडे मुळात या कोष्टकांतले. पण ते आकडे शंभर ग्रॅम कच्च्या पानांचे होते.

कुन्नूरचं हे काम चालू होतं त्याच काळात पालेभाजीच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा धागा मुंबईत हाती लागत होता, आणि त्याची आपल्याकडे पुरेशी आठवण ठेवली गेलेली नाही याचं मला वाईट वाटतं. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक जीवघेणा पंडुरोग होत होता. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत. विल्स यांनी या बायकांचा आहार तपासला. हाफकिन संस्थेत उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. जंतुसंसर्गाची शक्यता पडताळून बाजूला सारली. शेवटी मार्माइट हा यीस्टचा स्वस्त, काळपट अर्क दिल्यावर आजारी बायका भराभर सुधारू लागल्या. १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या अर्कातलं नेमकं काय उपयोगी पडलं, ते मात्र कळलेलं नव्हतं. काही वर्षं त्याला नुसतं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत.

त्या घटकाचा नेमका उलगडा व्हायला आणखी दशकभर लागलं, आणि त्यात कामाला आली ती पालेभाजीच. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी चार टन पालकातून एक द्रव्य अगदी अल्प प्रमाणात वेगळं केलं. पानाला लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्याचं नाव ठेवलं फॉलिक ॲसिड. १९७० पासून सरकारी योजनेत गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळू लागल्या. त्या गोळीचं मूळ असं मुंबईच्या गिरणगावापर्यंत जातं.

पानातलं हे फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप, पाण्यात विरघळतं आणि चरकाची कृती इथेच अडते. भरपूर पाण्यात पालक उकळला तर सुमारे निम्मं फोलेट पाण्यात उतरतं, वाफेवर शिजवला तर जवळपास सगळं टिकतं. क जीवनसत्त्वाचंही असंच, शिवाय ते उष्णतेनेही जातं. पण पिळण्यामागे कारण नाही असंही नाही. पालक, माठ, अळू यांत ऑक्झलेट हे आम्लापासून बनलेलं द्रव्य भरपूर असतं. अळूने घसा खाजतो तो त्याच्याच सुईसारख्या स्फटिकांमुळे. हे ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. १९८८ मध्ये रॉबर्ट हीनी आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा दुधातलं कॅल्शियम सुमारे २७ टक्के शोषलं गेलं, पालकातलं जेमतेम ५ टक्के. उकळून पाणी टाकलं की ऑक्झलेट बरंच कमी होतं. माझं मत विचाराल तर मेथीचं पाणी टाकू नये. तिच्यात ऑक्झलेट थोडंच असतं, त्यामुळे टाकण्यात तोटाच अधिक.

लोहाची गोष्ट जरा दुखरी आहे. पालकाच्या लोहाचा दशांश चिन्ह चुकल्याने बोभाटा झाला, ही जगभर सांगितली जाणारी कथा स्वतःच निराधार ठरली आहे. आकडे कोसळले ते मात्र आपल्याच कोष्टकांतले. १९७१च्या आवृत्तीत शंभर ग्रॅम पालकात १०.९ मिलिग्रॅम लोह होतं आणि माठात २५.५. १९८९च्या सुधारित आवृत्तीत ते अनुक्रमे १.१४ आणि ३.४९ झाले. पानांना चिकटलेल्या मातीतही लोह असतं आणि ते मोजणीत सहज शिरतं. जुने आकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं पाठ केले गेले. शिवाय पाल्यातलं लोह शोषलं जातं थोडंच. त्याला क जीवनसत्त्वाची जोड लागते, आणि शिजताना नेमकं तेच कमी होतं. म्हणून ताटातल्या लिंबाच्या फोडीला खरं काम असतं.

अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत धक्का इंडोनेशियातून आला. पानातल्या बीटा-कॅरोटिन या रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, हे १९३० पासून माहीत होतं. सहा भागांतून एक भाग बनतो, असा हिशेब १९६७ पासून जगभर धरला जाई. १९९५ मध्ये पश्चिम जावातल्या पंडुरोग झालेल्या स्तनदा मातांना बारा आठवडे रोज परतलेल्या गर्द हिरव्या पालेभाज्या देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं अ जीवनसत्त्व वाढलंच नाही. तेवढंच कॅरोटिन वेफरमधून मिळालेल्या मातांचं वाढलं. पानातलं कॅरोटिन पेशींच्या आत अडकलेलं असतं, ते सुटं होत नाही, हे त्यामागचं कारण मानलं गेलं. २००१ मध्ये अमेरिकेत सहाच्या जागी बाराचा हिशेब आला.

पण म्हणून पालेभाजी निरुपयोगी ठरली नाही. २००४ मध्ये बांगलादेशातल्या पुरुषांना साठ दिवस रोज मायाळूची घोटलेली भाजी तेलातुपासह दिली, आणि त्यांच्या शरीरातला अ जीवनसत्त्वाचा साठा वाढला. त्याच्याही आधी, १९८० मध्ये, हैदराबादच्या संस्थेत लहान मुलांवर केलेल्या प्रयोगात दिसलं होतं की शिजवलेल्या पालकाच्या जेवणात ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ घातला तरी कॅरोटिनचं शोषण वाढतं. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा तेल. डावाने घोटलेली चाकवताची पातळ भाजी आणि तिच्यावरची चरचरीत फोडणी या दोन्ही गोष्टी त्या कॅरोटिनला पेशीबाहेर काढून अंगी लावायला मदत करतात.

२०१७ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने ५२८ भारतीय अन्नपदार्थांची नवी कोष्टकं काढली. त्यांतही पालेभाज्यांचे आकडे कच्च्या पानांचेच आहेत.